फोटो कपाळापर्यंतच येत होता

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची छापील आवृत्ती संपून बरीच वर्षे झाली होती आणि नवी छापण्याइतका पैसा किंवा उत्साह कुणापाशी उरला नव्हता, म्हणून निवृत्तीनंतर मी ती सगळी माहिती संकेतस्थळाच्या रूपात मांडायला घेतली. ते संकेतस्थळ भाड्याच्या सर्व्हरवर न ठेवता ठाण्यात, पाचपाखाडीतील माझ्या राहत्या घरी, मुलाने टाकून दिलेल्या डेस्कटॉपवर ठेवायचे असे ठरले. वंशावळीत हयात माणसांच्या जन्मतारखा, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक होते, आणि घरातील जुने कागद ज्यांच्या ताब्यात होते त्या काकांनी ते देताना एकच अट घातली होती, की त्यांची प्रत परक्याच्या यंत्रावर जाता कामा नये. डेस्कटॉपवर लिनक्स आणि मागणाऱ्याला पाने पाठवणारा एन्जिनएक्स हा प्रोग्राम बसवला, प्रत्येक नातेवाइकाला परवलीचा शब्द दिला, आणि दोन वर्षे कुणाची फारशी तक्रार नव्हती. त्या काळात बहुतेकांनी संकेतस्थळ एकदाच उघडून आपले नाव बरोबर आहे ना, एवढेच पाहिले असावे, हे मला नंतर कळले.

मागच्या पावसाळ्यात रत्नागिरीच्या ताईचा, म्हणजे माझ्या चुलत बहिणीचा, फोन आला. ती म्हणाली, "दादा, तुझं पान उघडायला लावते, चहा टाकते, चहा पिऊन होतो, तरी आजोबांचा फोटो कपाळापर्यंतच आलेला असतो." मी तिला तिकडचे नेटवर्क तपासायला सांगितले. पाठोपाठ नागपूरच्या चुलतभावांनी आणि कॅलिफोर्नियातल्या पुतण्यानेही तेच सांगितले, तेव्हा तिघांचीही जोडणी एकाच वेळी बिघडली असेल हे म्हणणे मलाच पटेना. तरीही माझ्या लॅपटॉपवर ते पान क्षणात उघडत होते आणि त्या पुराव्याच्या बळावर मी आठवडाभर माझे म्हणणे सोडले नाही.

माझी सारी नोकरी दूरध्वनी केंद्रांत गेली. "माझ्याकडून तर ऐकू येतंय" असे म्हणणाऱ्या ग्राहकाला आम्ही मनातल्या मनात हसत असू, कारण त्याच्या ऐकू येण्यावरून पलीकडच्याला काय ऐकू येते ते मुळीच कळत नाही. मी नेमके तेच करत होतो. माझ्या ब्राउझरने ते पान दोन वर्षांत शेकडो वेळा पाहिलेले असल्यामुळे सगळी चित्रे लॅपटॉपमध्येच साठवून ठेवली होती आणि सर्व्हरकडे तो फक्त काही बदलले आहे का, एवढीच चौकशी करत होता. खासगी खिडकी उघडून तेच पान पहिल्यापासून मागवले, तेव्हा माझ्याच घरात, सर्व्हरपासून बारा पावलांवर, आजोबा कपाळापाशी थांबले.

त्यानंतर मी जे केले त्याचा मला आजही थोडा संकोच वाटतो: मी इंटरनेट पुरवणाऱ्याकडे तक्रार नोंदवली. त्यांचा तरुण कर्मचारी दुसऱ्या दिवशी आला, फायबरच्या डब्यावर किती प्रकाश पोहोचतो ते त्याने मोजले, ते उणे १९ डीबीएम भरले, म्हणजे अगदी ठीक होते. मग डब्याशेजारी उभे राहून त्याने स्वतःच्या मोबाइलवर वेग मोजून ९४ मेगाबिट दाखवले आणि "काका, लाइन ओके आहे" असे म्हणून तो निघून गेला. त्याची लाइन खरोखरच ठीक होती. त्याच्या हद्दीपुरते त्याचे उत्तर बरोबर होते आणि माझ्या हद्दीत पाहणे हे त्याचे कामच नव्हते.

दूरध्वनी केंद्रात दोष शोधण्याची पहिली शिकवण अशी, की संपूर्ण लाइनकडे एकदम पाहायचे नाही. एमडीएफवर, म्हणजे जिथे शहरातून आलेल्या जोड्या आणि केंद्रातील यंत्रणा एकमेकींना मिळतात त्या चौकटीवर, लाइन उघडायची आणि आतली बाजू व बाहेरची बाजू वेगवेगळी तपासायची. दोष बाहेर निघाला तर पिलरपर्यंत, म्हणजे रस्त्यावरच्या जोडपेटीपर्यंत जायचे, तिथे पुन्हा उघडायची, मग ग्राहकाच्या घराजवळच्या लहान पेटीपर्यंत, म्हणजे डीपीपर्यंत. मी त्याच हिशेबाने घरच्या जोडणीचे तीन तुकडे पाडले: सर्व्हर स्वतः, सर्व्हरपासून फायबरच्या डब्यापर्यंतची केबल, आणि डब्यापासून पुढचे जग.

पहिल्या तुकड्यात फारसे काही निघाले नाही. सर्व्हरवरच बसून, सर्व्हरलाच ते पान मागितले तर पहिला बाइट काही मिलिसेकंदांत येत होता आणि सगळी चित्रे मिळून एका सेकंदाच्या आत उतरत होती. हार्ड डिस्क जुनी असली तरी निर्दोष होती, मेमरी रिकामी होती, प्रोसेसर आळसावून बसला होता.

दुसऱ्या तुकड्यासाठी लॅपटॉप वायफायवरून काढून केबलने डब्याला जोडला आणि आयपर्फ या साधनाने सर्व्हर ते लॅपटॉप एवढाच वेग मोजला. या मोजणीत इंटरनेटचा संबंधच नव्हता. घरातल्या घरात, सात-आठ मीटर केबलवरून, वेग आला ३ मेगाबिट प्रतिसेकंद, आणि तोही स्थिर नव्हता. कधी चार, कधी दोन, मध्येच एक-दोन सेकंद चक्क शून्य. त्याच वेळी पिंग, म्हणजे पलीकडचे यंत्र उत्तर देते का हे पाहणारी छोटी हाक, मात्र अर्ध्या मिलिसेकंदात परत येत होता आणि एकही हरवत नव्हता. हे चित्र मला फार विचित्र वाटले. तार तुटलेली असेल तर पिंगही हरवायला हवा, आणि तार चांगली असेल तर वेग कुठे जातो?

सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचे आकडे काढून पाहिले तेव्हा आत येणाऱ्या चौकटींमधील, म्हणजे माहितीच्या गठ्ठ्यांमधील, सीआरसी चुकांची (वाटेत बिघडलेल्या गठ्ठ्यांची) संख्या लाखांत होती आणि मोजणी चालू असताना ती डोळ्यांदेखत वाढत होती. त्याच आकड्यांच्या वर तीन ओळी होत्या: वेग १०० मेगाबिट, डुप्लेक्स फुल, आपोआप वाटाघाट बंद. तिसरी ओळ वाचली आणि काय झाले असेल ते तत्क्षणी लक्षात आले, कारण ती वाटाघाट बंद करणारा मीच होतो.

१९९५ साली १०० मेगाबिटचे इथरनेट प्रमाणित झाले तेव्हापासून केबलच्या दोन टोकांची यंत्रे जोडणी होताच सूक्ष्म स्पंदांतून एकमेकांना आपापली कुवत सांगतात आणि दोघांनाही झेपेल असा वेग व रीत ठरवतात. रीत म्हणजे फुल-डुप्लेक्स की हाफ-डुप्लेक्स. फुलमध्ये दोघांनी एकाच वेळी बोलले तरी चालते, जसे टेलिफोनवर चालते. हाफमध्ये एक बोलत असताना दुसऱ्याने थांबायचे आणि चुकून दोघे एकदम बोलले तर टक्कर झाली असे मानून आपले बोलणे अर्धवट सोडायचे. एका टोकाने ही वाटाघाटच बंद केली, तर दुसऱ्या टोकाला येणाऱ्या सिग्नलवरून वेग ओळखता येतो, पण रीत ओळखण्याचा काही मार्ग नसतो. मग प्रमाणाप्रमाणे ते हाफ-डुप्लेक्स धरून चालते. माझा सर्व्हर फुल समजून वाटेल तेव्हा बोलत होता, डबा हाफ समजून प्रत्येक वेळी टक्कर झाल्याचे मानून आपली चौकट अर्ध्यावर तोडत होता, आणि ते तुटके तुकडे सर्व्हरकडे सीआरसी चुका म्हणून जमा होत होते. पिंगमध्ये एक जण विचारतो, थांबतो, दुसरा उत्तर देतो. दोघे एकदम बोलण्याचा प्रसंगच येत नाही, म्हणून पिंग निर्मळ राहतो. मोठे चित्र पाठवताना मात्र सर्व्हरचा ओघ सुरू असतानाच पलीकडून पोच येत असते आणि दर वेळी टक्कर होते. पिंग चांगला आहे म्हणून केबल चांगली, असा निष्कर्ष मी पूर्वी किती ठिकाणी काढला असेल कोण जाणे.

मी ती वाटाघाट बंद का केली होती, हे आठवायला संध्याकाळ लागली. आमच्या सोसायटीत फायबर येण्यापूर्वी घरात वेगळा राऊटर होता आणि त्याच्याशी सर्व्हरची जोडणी दर काही मिनिटांनी तुटून पुन्हा लागत असे. तेव्हा मी दोन्ही बाजूंना, सर्व्हरमध्ये आणि राऊटरमध्ये, १०० मेगाबिट फुल असे हाताने ठोकून दिले होते आणि तुटणे थांबले होते. पुढे फायबर आले, जुना राऊटर माळ्यावर गेला, नव्या डब्यात तशी सोय नव्हती, आणि सर्व्हरमधली माझी ओळ तशीच राहिली. केंद्रात एखादा जम्पर, म्हणजे दोन टोके जोडणारी तार, तात्पुरता मारला तर त्यावर चिठ्ठी लावण्याचा आमचा दंडक होता. घरी मी चिठ्ठी लावली नव्हती.

वाटाघाट पुन्हा सुरू केली आणि जुने दुखणे लगेच वर आले: जोडणी गिगाबिटवर लागायची, मिनिटभराने तुटायची, पुन्हा लागायची. म्हणजे दोन वर्षांपूर्वी मी दोषावर फक्त पांघरूण घातले होते. १०० मेगाबिटला केबलमधील चारपैकी दोनच जोड्या, म्हणजे चार तारा पुरतात. गिगाबिटला आठही लागतात. केबल हॉलच्या खिडकीशेजारून केसिंगमधून जात होती. केसिंगचे झाकण उघडले तर आत भिंतीच्या बाजूने ओल उतरलेली होती आणि केबलच्या वेष्टनाला एके ठिकाणी खिळ्याची जखम होती. टोकाचा कनेक्टर कापला, एक तार ब्लेडने खरवडली, तर वरचा तांबडा रंग निघून आत पांढरी धातू दिसली. ती तांब्याची केबल नव्हतीच. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची होती. अशी तार वाकवली की लवकर तुटते आणि कनेक्टरच्या दातांखाली तिची पकड कालांतराने सैल होते. दूरध्वनी खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाने केबल घेताना ती खरवडून पाहिली नव्हती, यावर पत्नीने जे मत दिले ते येथे लिहीत नाही.

स्टेशनजवळच्या दुकानातून शुद्ध तांब्याची कॅट-६ केबल दहा मीटर आणली, दुकानातच टोक खरवडून पाहिले, घरी कनेक्टर बसवले आणि खिडकीची बाजू टाळून दाराच्या चौकटीवरून ती नेली. आयपर्फने या वेळी ९४० मेगाबिट दाखवले, जे गिगाबिट जोडणीवर व्यवहारात मिळू शकते तेवढेच आहे, आणि सीआरसी चुकांचा आकडा जागचा हलला नाही. दुसरा तुकडा संपला.

रत्नागिरीला फोन करून पुन्हा पाहायला सांगितले. ताई म्हणाली, "आता चहा उकळेपर्यंत येतो." सुधारणा होती, पण माझ्या अपेक्षेइतकी नव्हती, म्हणून तिसऱ्या तुकड्याकडे वळलो आणि इथे मला आधी अंकगणित करायला हवे होते. माझी जोडणी "शंभर"ची म्हणून घेतलेली. पण तो शंभर मेगाबिटचा आकडा घराकडे येणाऱ्या माहितीचा आहे. नातेवाईक माझे पान पाहतात तेव्हा माहिती घरातून बाहेर जाते, आणि माझ्या योजनेत त्या दिशेचा वेग २० मेगाबिट आहे. आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे २० मेगाबिट म्हणजे सेकंदाला अडीच मेगाबाइट. कुलवृत्तांताच्या मुख्य पानावर बारा चित्रे होती आणि प्रत्येक चित्र मी स्कॅनरमधून निघाले तसे, सरासरी ६ मेगाबाइटचे, चढवलेले होते. एकूण ७२ मेगाबाइट. सगळे काही उत्तम चालले तरीही एका माणसाला ते पान पूर्ण मिळायला जवळजवळ अर्धा मिनिट लागणार, आणि गणपतीत चार घरे एकदम बघायला बसली तर दोन मिनिटे. पूर्वीच्या ३ मेगाबिटला याच पानाला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. ताईचा चहा अगदी बरोबर वेळ दाखवत होता.

चित्रे लहान करणे हे यावरचे सरळ उत्तर, आणि माणसांच्या छायाचित्रांबाबत ते मी एका दुपारी उरकले. अडचण आली ती मोडी कागदांची. आमच्या घराण्याचे जुने कागद मोडीत आहेत. त्या लिपीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून मग बोरू फारसा न उचलता अक्षरे लिहीत जातात, त्यामुळे एका अक्षराचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात एका बारीक वळणावर ठरते. जेपेगमध्ये दाब वाढवला की नेमक्या अशा बारीक रेघांभोवती धुरकट ठिपके येतात आणि नागपूरच्या चुलतभावांसारखा मोडी वाचणारा माणूस वैतागतो. दाब पाच पायऱ्यांनी बदलत मी एकाच कागदाच्या पाच प्रती त्यांना पाठवल्या आणि त्यांनी ज्या प्रतीपर्यंत अडखळत नाही असे सांगितले तिथे थांबलो. शेवटी रुंदी १६०० पिक्सेल, वेबपी स्वरूप, दर चित्रास सुमारे ३०० किलोबाइट असे जमले आणि प्रत्येक चित्राखाली मूळ मोठ्या प्रतीचा वेगळा दुवा ठेवला, म्हणजे ज्याला हवी त्यानेच ती उतरवावी. मुख्य पान ७२ वरून साडेतीन मेगाबाइटच्या आसपास आले, म्हणजे दीड सेकंदाचे काम.

दिवसा तसेच झाले. रात्री साडेआठनंतर मात्र ताईचे पान पुन्हा रेंगाळू लागले. ही वेळ नेमकी असल्यामुळे मी बाहेरच्या एका सर्व्हरला सतत पिंग लावून ठेवला आणि जेवायला बसलो. एरवी सहा-सात मिलिसेकंदांत येणारे उत्तर साडेआठला ७०० मिलिसेकंदांवर गेले होते. मुलगा आणि सून कामावरून घरी येतात, त्यांचे मोबाइल घरच्या वायफायला लागतात आणि दिवसभरातले फोटो व नातवाचे व्हिडिओ आपोआप साठवणीला जाऊ लागतात, हे समजायला वेगळे साधन लागले नाही. मोबाइलचे वायफाय बंद करताच पिंग सहावर आला.

वीस मेगाबिटचा रस्ता दोघांनी वाटून घेतला तर वेग अर्धा व्हावा, शंभरपट उशीर का व्हावा, हे त्यातले खरे कोडे. त्याचे उत्तर फायबरच्या डब्यात असलेल्या रांगेत आहे. बाहेर जाणारी माहिती रस्त्याच्या कुवतीपेक्षा जास्त आली की डबा ती टाकून न देता स्मृतीत साठवतो. पाठवणाऱ्या मोबाइलला मात्र काहीतरी हरवल्यावरच रस्ता भरल्याचे कळते. काही हरवतच नाही, म्हणून तो आणखी पाठवत राहतो आणि रांग कायम भरलेली राहते. ७०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे २० मेगाबिटच्या रस्त्यावर अवघी पावणेदोन मेगाबाइटची रांग, पण माझ्या सर्व्हरच्या एवढ्याशा उत्तरालाही तिच्या शेपटाला उभे राहावे लागते. जिम गेटिस या अभियंत्याला २०१० साली आपल्या घरच्याच जोडणीवर हा प्रकार दिसला आणि त्याचे बफरब्लोट हे नाव रूढ झाले. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर कोडेल ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे हे न पाहता पाकीट, म्हणजे माहितीचा एक तुकडा, रांगेत किती वेळ थांबले हे ती पाहते आणि वेळ वाढू लागली की एखादे पाकीट मुद्दाम टाकून देते, म्हणजे पाठवणाऱ्याला वेळीच इशारा मिळतो. ट्रंक कॉलच्या, म्हणजे परगावचा फोन आधी नोंदवून लावून घेण्याच्या काळात रांग वाढली तर नवे बुकिंग नाकारावे की सगळ्यांना ताटकळत ठेवावे, यावर आमच्याकडे वाद होत असत. ताटकळत ठेवण्याच्या बाजूचे लोक बहुधा जिंकत.

डब्यात अशी सोय नव्हती. माळ्यावरचा जुना राऊटर उतरवला, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राऊटरसाठीची मुक्त प्रणाली बसवली, आणि पुरवठादाराकडून डबा ब्रिज पद्धतीवर करून घेतला, म्हणजे घरातले वायफाय आणि सर्व्हर दोन्ही माझ्या राऊटरमागे आले. तो तरुण पुन्हा आला होता, या वेळी त्याने विचारले, "काका, हे कशाला?" आणि मी समजावत असताना तो दहा मिनिटे थांबला. राऊटरमध्ये बाहेर जाणारा वेग मुद्दाम १८ मेगाबिटवर अडवला. दोन मेगाबिट सोडून दिल्यासारखे दिसते, पण त्यामुळे रांग डब्यात न लागता माझ्या राऊटरमध्ये लागते, आणि तिथे तिला शिस्त लावता येते. शिवाय प्रत्येक संभाषणाची रांग वेगळी होते, त्यामुळे नातवाचा व्हिडिओ आजोबांच्या फोटोला अडवत नाही. त्या रात्री साडेआठला सगळे मोबाइल चालू असताना पिंग २५ मिलिसेकंदांच्या वर गेला नाही. फोटो साठवणीला आधीपेक्षा किंचित उशीर लागत असावा. घरात कुणाच्या ते लक्षात आलेले नाही.

ताईचा फोन त्यानंतर आला तो पान उघडत नाही म्हणून नव्हे, तर आता ते नीट वाचता आल्यामुळे, तिच्या सासूबाईंचे माहेरचे आडनाव चुकले आहे असे सांगण्यासाठी.

राहिला कॅलिफोर्नियातला पुतण्या. त्याच्याकडे पान सुरू होण्यापूर्वी जवळजवळ एक सेकंदाचा रिकामा काळ जात होता आणि त्याने मोजून पाठवलेला पिंग २४० मिलिसेकंदांचा होता. पिंग म्हणजे जाऊन येण्याची एक फेरी. एक फेरी जोडणीसाठी, दोन फेऱ्या सुरक्षित वाटाघाटीसाठी, एक फेरी पान मागण्यासाठी: चार फेऱ्या मिळून ९६० मिलिसेकंद. ही सुरक्षित वाटाघाट टीएलएस या पद्धतीने होते आणि माझ्या सर्व्हरच्या मांडणीत टीएलएस १.२ एवढेच लिहिलेले होते. २०१८ मध्ये आलेल्या १.३ मध्ये वाटाघाटीची एक फेरी वाचते, म्हणून ती ओळ बदलली आणि तो काळ ७२० वर आला. मुंबई ते कॅलिफोर्निया सरळ अंतर सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर आहे आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे केबल अगदी नाकासमोर टाकलेली असती तरी जाऊन येऊन १३५ मिलिसेकंद लागलेच असते. प्रत्यक्षात ती समुद्रातून वळसे घेत जाते. हे मी त्याला लिहून कळवले. त्याने उत्तरात विचारले, की मग संकेतस्थळाची एक प्रत अमेरिकेतल्या एखाद्या सर्व्हरवर ठेवली तर? काकांची अट त्याला माहीत नव्हती. ती कळवली आणि ७२० मिलिसेकंद तसेच ठेवले.